ओली निरगाठ

मे महिना सरत आला की आमच्याकडे करवतींचा आवाज सुरू होतो. शाळांना सुट्टी, म्हणून सकाळी बसचे भोंगे नसतात, आणि त्या जरा निवांत हवेत कुठल्यातरी सेक्टरमधून पेट्रोलवर चालणारी करवत घरघरते, थांबते, पुन्हा घरघरते. पावसाआधीची छाटणी. वर्षभर ज्या झाडांकडे कुणी मान वर करून बघत नाही त्यांच्याबद्दल अचानक सगळ्यांना कळवळा येतो. कुणाच्या गाडीवर फांदी पडेल, कुणाच्या खिडकीतून मुंग्या येतात, कुणाच्या डिशचा सिग्नल जातो. सोसायट्यांच्या ग्रुपवर फांद्यांचे फोटो फिरायला लागतात, त्याभोवती लाल गोल काढलेले. मला तो आवाज सोसवत नाही. हे मी बरंच सौम्य करून सांगतेय.

आवाजाबरोबर वास येतो. आम्ही दिवाळे गावात राहतो, बेलापूरच्या खाडीला लागून. होड्या पावसासाठी वर ओढायच्या आधीचे हे दिवस, त्यामुळे गावात जिथे हातभर मोकळी जागा असेल तिथे जवळा नाहीतर बोंबील वाळत असतात. वारा फिरला की रस्त्यापलीकडचा कापलेल्या लाकडाचा कच्चा वास आणि गावातल्या सुकटीचा वास एकमेकांत मिसळतात. मी मूळची साताऱ्याकडची. लग्न होऊन आले त्या उन्हाळ्यात या वासानं रोज ओकत होते. सासूबाई सगळ्या आळीदेखत म्हणाल्या होत्या, "बाय, पोट हाय का वास हाय, येकदा सांग तरी. म्हंजी बारशाची तयारी करायची का फिनेल आनायचा ते कळंल!" वासच होता. पुढे मला दोन्ही वास आवडायला लागले, कारण छाटणीहून परतलेल्या माझ्या नवऱ्याच्या शर्टाला ते दोन्ही असायचे.

अशाच एका मोसमात माझा नवरा नंदू झाडावर चढला आणि जिवंत खाली आला नाही. तो येऊ शकला असता. दोर होता, खाली माणूस होतं, त्याला उतरवायची सगळी तयारी होती. पण त्याच्या वडिलांनी त्या तयारीवर मायेनं एक गाठ मारून ठेवली होती. ती सुटली नाही. ही गोष्ट मला ठाऊक होती, सासूबाईंना ठाऊक होती, आणि ज्यांनी गाठ मारली त्या बाबांना तेवढी ठाऊक नव्हती. ती त्यांना कधीच कळू नये, एवढं एकच काम या घरात माझ्याकडे उरलं होतं.

तयारी कसली, ते सांगायला हवं. लोकांना वाटतं झाडावर चढणारा फांदीला स्वतःला बांधून घेतो आणि झालं. नंदूही आधी तसाच चढायचा, कोळ्याचा पोरगा, माडावर आणि होडीच्या डोलकाठीवर चढून वाढलेला. मग एका ट्रेकिंगवाल्या मित्राकडून तो दोराचं काम शिकून आला आणि आल्या आल्या मला शिकवायला बसला. वर एका भक्कम बेचक्यातून दोर टाकायचा. त्याचं एक टोक चढणाऱ्यासाठी. दुसरं टोक खाली झाडाच्या बुंध्याशी अडकवायचं. आता हे टोक बुंध्याला नुसतं गच्च बांधलं तर काम भागतं, बहुतेक जण तेच करतात. पण वरचा माणूस बेशुद्ध पडला तर? माश्या चावल्या, ऊन लागलं, फांदी बसली, तर? मग तो वर लटकत राहतो आणि खालच्यांनी आकाशाकडे बघत राहायचं.

म्हणून बुंध्याभोवती एक पट्टा, पट्ट्याला कडी, कडीला इंग्रजी आठाच्या आकाराचा एक लोखंडी तुकडा. आम्ही त्याला नुसतं 'आठ' म्हणायचो. दोर त्या आठातून फिरवायचा आणि वर एक सुटी अडकवण घालायची, एका झटक्यात निघेल अशी. अडकवण काढली की खालचं माणूस दोर हळूहळू सोडू शकतं. आठात दोर घासत जातो, त्यामुळे माझ्यासारखी बाईसुद्धा नंदूसारख्या धिप्पाड माणसाला अलगद जमिनीवर टेकवू शकते. फक्त त्यासाठी दोर जास्तीचा हवा. झाडाच्या उंचीच्या तिप्पट. एक वाटा वर जायचा, एक वाटा खाली यायचा, आणि तिसरा वाटा माणसाला परत आणायचा. तो तिसरा वाटा रोज बुंध्याशी वेटोळं होऊन पडून असतो. त्याचा उपयोग कधी होऊ नये अशीच सगळ्यांची इच्छा असते.

"बघ," नंदू म्हणायचा, "सगळ्या नवऱ्यांची दोरी बायकोच्या हातात असते. आपल्याकडे फक्त ती दिसते." वर पोचला की तिथून ओरडायचा, "मॅडम, आज राग बिग नाही ना?" मी खालून म्हणायची, "काल रात्रीची भांडी कोण घासणार होतं?" आणि आठावर हात ठेवायची. खाली उभ्या असलेल्या सोसायटीच्या बायका हसायच्या. मी खरंच एकदा त्याला उतरवला होता, सरावासाठी, एका सुबाभळीवरून. डोळे मिटून, मेल्याचं सोंग घेऊन, मान टाकून तो खाली आला. पाय जमिनीला लागल्यावर एक डोळा उघडून म्हणाला, "जमतंय तुला." त्या सोंगाची आठवण मला पुढे फार छळत राहिली.

माझे वडील, आबा, तुर्भ्याच्या बाजारात माथ्यावर पोती वाहायचे. ट्रकवर माल रचून वर ताडपत्री ओढली की दोर आवळायचा, आणि शेवटी घालायची ती सुरगाठ. लहानपणी मी विचारलं होतं, निरगाठ का नाही मारत, पक्की बसेल. आबा म्हणाले, "आगं, बांधनारा म्या हितं. सोडनारा गडी कुटं आसंल, सोलापुरात का सुरतंत, मला काय ठावं? त्येला आंधारात बी एका हातानं सुटली पायजे. गाठ त्येच्यासाठी मारायची आस्ती." मला तेव्हा ते बाजाराचं शहाणपण वाटलं होतं.

सासरी उलटं. कोळ्याच्या होडीवर जो बांधतो तोच सोडतो. दुसऱ्याच्या दोराला हात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. दर्याला ओढ असते, रात्रभर लाट होडीला हिसके देत असते, तिथं सुटी गाठ म्हणजे सकाळी होडी उरणकडे वाहत गेलेली. त्यामुळे गाठ मारायची ती निरगाठ, वेढ्यावर वेढा, आणि मारून झाली की ओंजळभर पाणी तिच्यावर टाकायचं. ओली गाठ भार पडला की चावून बसते. बाबा तर पाणी टाकल्यावर त्या गाठीवर दोनदा थाप मारायचे, पोराला झोपवल्यासारखी. आणि होडीत मोकळा दोर पायाशी पडलेला त्यांना खपायचा नाही. त्यांचा थोरला भाऊ तसाच पायात दोर अडकून जाळ्याबरोबर पाण्यात गेला होता. मोकळा दोर दिसला की बाबांच्या कपाळाला आठी पडायची आणि हात आपोआप तो गुंडाळायला लागायचे.

हे सगळं मला वेगवेगळं माहीत होतं. आबांची सुरगाठ माहीत होती, बाबांची निरगाठ माहीत होती, बुंध्याशी पडलेला तिसरा वाटा तर मीच रोज मोजून ठेवत होते. या तीन गोष्टी एका झाडाखाली भेटतील असं कुणाच्या मनात येतं?

त्या वर्षी खाडीत मासळी राहिली नव्हती. बाबांनी होडी विकली होती आणि ते घरात पिंजऱ्यातल्यासारखे फिरायचे. नंदूच म्हणाला, चला आमच्याबरोबर, सावलीत बसा. ते आले, बसले. झाड होतं मोठं रेनट्री, अर्धं हिरवं, शेंड्याकडे वाळलेलं. खाली त्याच्या गुलाबी फुलांचा कचरा आणि चिकट शेंगा. मी दोर लावला, आठ लावला, अडकवण घातली, ओढून बघितलं. नंदू वर गेला. तेवढ्यात कळलं की ज्या फांदीला हात घालायचा तिच्या बरोबर खाली एक पांढरी गाडी उभी आहे. मी गाडीवाल्याला शोधायला गेले. तो तिसऱ्या मजल्यावरून टॉवेल गुंडाळून माझ्याशी भांडत होता. "पार्किंग माझं आहे, झाड तुमचं आहे," असं काहीतरी. झाड माझं कसं, ते मी त्याला विचारायला हवं होतं. शेवटी चावी घेऊन उतरला, गाडी काढली, आणि मी झाडाच्या अलीकडच्या बाजूला उभी राहून नंदूला हात केला. बुंधा तीन माणसांच्या कवेत न मावणारा. आठ पलीकडच्या बाजूला. पलीकडे बाबा होते.

तिथं काय झालं होतं ते मला नंतर कळलं, पण आत्ताच सांगते. बाबांनी बघितलं की त्यांच्या पोराचा जीव एका बोटभर लोखंडावर आहे आणि त्यावर एक सुटी अडकवण, जी एखादं कुत्रं ओढूनही काढेल. शेजारी ढीगभर मोकळा दोर पायात पडलेला. कुठल्या बापाला बघवेल? त्यांनी तो सगळा दोर उचलला. बुंध्याभोवती, आठावरून, वरून येणाऱ्या ताणलेल्या दोराला आत घेत, वेढ्यावर वेढा घातला, आवळला, निरगाठी मारल्या. तिसरा वाटा पुरेपूर वापरला, हातभरही शिल्लक ठेवला नाही. मग प्यायच्या पाण्याची बाटली तिच्यावर ओतली आणि दोनदा थाप मारली.

फांदी कापल्यावर उलटी फिरली आणि नंदूच्या छातीवर, मग हेल्मेटवर बसली. करवत बंद पडली. तो दोरावर मागे कलंडला आणि लटकत राहिला, मान टाकून. क्षणभर मला वाटलं सोंग करतोय. मग त्याच्या बोटांतून हातमोजा गळून खाली आला.

मी धावत पलीकडे गेले आणि बघितलं. मी ते कसं सांगू? जिथं आठ असायला हवा तिथं एक ओलं, गच्च, नारळाएवढं काहीतरी होतं, आणि त्याच्यावर माझ्या नवऱ्याचा सगळा भार. मी नखं घातली. स्क्रूड्रायव्हर घातला. दातसुद्धा लावले. सोसायटीचे सेक्रेटरी ओरडत होते, "दोर कापा, आम्ही गाद्या आणतो," आणि लोक खरोखर घराघरांतून गाद्या आणून टाकत होते, त्यावर कुणाचे मिकी माऊसचे पलंगपोस. पण कापू कुठला? सगळे वेढे एकाच रंगाचे, एकात एक शिरलेले. कुठला दोर मोकळा आणि कुठल्याच्या टोकाला नंदू, ते कळायला मार्ग नव्हता. चुकीचा कापला तर तो डोक्यावर येणार. वर बघितलं की त्याचा पाय हलताना दिसत होता. जिवंत होता तो. श्वास घेत होता.

आणि बाबा माझा हात धरत होते. "बाय, सोडू नको! भार हाय गाठीवर! भार असताना कोन गाठ सोडतं का? पडल माजा पोऱ्या, सोडू नको!" मी त्यांना ढकललं. ते पुन्हा आले. रडत रडत, दोन्ही हातांनी, त्यांनी ती गाठ झाकून धरली.

अग्निशमनची गाडी आली ती गल्लीच्या तोंडाशी अडकली, दोन्ही बाजूंना गाड्या. माणसं शिडी खांद्यावर घेऊन धावत आली. त्यांनी वर चढून त्याला उतरवलं, मग तो गुंता कापून काढला; चांगलं काम केलं, मी त्यांना बोल लावणार नाही. पण पट्ट्यात नुसतं लटकत राहिल्यानंही माणूस मरतो, रक्त पायांत साठतं, वर येत नाही. हॉस्पिटलातला डॉक्टर तरुण होता, त्याला गोड बोलायला अजून जमत नव्हतं. म्हणाला, मार तसा जीवघेणा नव्हता, लवकर खाली यायला हवे होते. ऐकायला मी एकटीच होते म्हणून बरं. ते वाक्य मी ओढणीत बांधून घरी आणलं.

लोक विचारतात, तू कुठे होतीस? मी गाडी हलवायला गेले होते, फांदी पडून कुणाचा टप चेपू नये म्हणून. याबद्दल मी स्वतःला दोष द्यावा असं पुष्कळांना वाटतं, मी तो देत नाही. दोषाला जागा कमी पडत असेल तर त्यांनी स्वतःच्या घरात करावी.

दहाव्याला खाडीवर सगळा गाव जमला होता. कुणीतरी बाबांच्या पाठीवर हात ठेवून म्हणालं, नशीब होतं, दुसरं काय. तेव्हा बाबांनी मान वर केली. दिवसाचं पहिलं वाक्य बोलले. "पन माजी गाठ नाय सुटली. एवढा मार बसला, तरी माज्या पोऱ्याला जमिनीवर आपटू नाय दिला. आक्खा आला माजा पोऱ्या." आणि माणसं माना डोलवायला लागली. खरं आहे, म्हणाली. म्हाताऱ्याचा हात आहे तो. कुणी म्हणालं, अशा गाठी मारणारे आता उरले नाहीत.

मी तिथं उभी होते. माझ्या तोंडात ते वाक्य आलं होतं, अगदी दातांपर्यंत. सासूबाई, ज्यांना मी आय म्हणते, माझ्या शेजारी होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. नुसतं माझं मनगट धरलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "नको. मरंल त्यो." जन्मभर जाळी शिवलेली बाई. त्यांनी झाडाशी पडलेला तो कापून काढलेला गुंता बघितला होता आणि कुणी न सांगता त्यांना सगळं वाचता आलं होतं.

तेव्हापासून आमच्या घरात बाबांची गाठ नांदते. पाहुणा आला की ते सांगतात. कुणाच्या मर्तिकाला गेले की सांगतात. शेजारची मुलं दोरी घेऊन येतात, त्यांना शिकवतात. दर वेळी मी आत जाऊन काहीतरी धुवायला काढते. आमची भांडी फार स्वच्छ असतात. एकदा आय म्हणाल्या, "घासून घासून भोक पाडशील त्या टोपाला," आणि त्यांनी टोप माझ्या हातातून काढून घेतला, कारण पुढचं बोलणं त्या टोपाचं नव्हतं.

मला बाबांचा राग येतो. खूप येतो, अजून. ते पानावर बसले की त्यांच्या बोटांकडे माझं लक्ष जातं, सालं निघालेली, जाड, कुशल बोटं, आणि मला वाटतं या हाताला मी कसं काय खाऊ घालते. मग ते बोंबलाचा मधला तुकडा उचलून गुपचूप माझ्या ताटात टाकतात, नंदूला टाकायचे तसा. आता या माणसाचं काय करायचं? दुष्ट असते तर सोपं गेलं असतं. मी सोडून गेले असते, आबांकडे तुर्भ्याला. पण मायेनं केलेल्या गोष्टीला जामीन नसतो आणि शिक्षाही नसते. जे मायेनं आवळलं जातं ते कापायचं कुठून, हे मला त्या झाडाखाली कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही. काळ सगळ्यावर औषध आहे म्हणतात. काळानं माझ्या बाबतीत एवढंच केलं की दर मे महिना वेळेवर आणला.

आता मी एका सोसायटीच्या ऑफिसात मॅनेजर आहे. पाण्याचे टँकर, लिफ्टची दुरुस्ती, कुणाच्या कुत्र्यानं कुठं घाण केली. बाबा दुपारचा डबा घेऊन गावातून चालत येतात आणि ऊन उतरेपर्यंत सोसायटीच्या बागेत बसतात. यंदा इथंही छाटणी निघाली. कमिटीला मी बजावून सांगितलं की खालून उतरवता येईल असा दोर लावणारीच माणसं येतील, नाहीतर झाडं तशीच राहू देत. "मॅडम, एवढं टेन्शन कशाला?" असं एकानं म्हटलं. मी ती अट कागदावर लिहून त्याच्यापुढे सरकवली. त्यानं विषय बदलला.

नावडे गावचा संतोष आणि त्याचा जोडीदार आले. व्यवस्थित माणसं. बुंध्याला पट्टा, कडी, आठ, अडकवण, शेजारी पिशवीत तिसरा वाटा. मी ओढून बघितलं, पुन्हा बघितलं. संतोष हसला, "ताई, तुमी पन चढता काय?" मी म्हटलं, "नाही. मी उतरवते." तो वर गेला. जोडीदार पडलेल्या फांद्या ओढून गेटकडे न्यायला लागला. मला ऑफिसातून फोनसाठी हाक आली, लिफ्टवाल्याचा. बाबा डबा ठेवून कधी उठले ते मी बघितलं नाही. खिडकीतून दिसलं तेव्हा ते बुंध्याशी वाकलेले होते, दोर पिशवीतून अर्धा बाहेर, आणि त्यांचे हात चालू होते. किती छान चालतात ते हात. बाजूला पाण्याची बाटली उघडून ठेवलेली.

मी फोन तसाच टाकून धावले.

"बाबा, सोडा ते!"

"अगं, कोनाचा तरी पोऱ्या हाय वर," ते वाकलेलेच म्हणाले. "यांनी बघ कशी नुसती अडकून ठेवलीय. मी हाय म्हनून बरं."

अजून पाणी पडलं नव्हतं, गाठी कोरड्या होत्या. मी त्यांचे हात बाजूला केले आणि वेढे सोडवायला लागले. दुसऱ्याच्या दोराला मी हात लावतेय हे बघून ते दचकले. "काय करतंस? बाय, भार हाय! पडल त्यो!"

"पडणार नाही."

"पडल! नंदूच्या येळेला पन तू अशीच..."

त्यांनी तिथं थांबायला हवं होतं. किंवा मी थांबायला हवं होतं. पण माझ्या हातात मोकळा आठ आला होता, एवढ्या वर्षांनी, कोरडा, उन्हानं तापलेला, आणि मी वर बघून ओरडले, "संतोष, करवत बंद कर! तुला खाली घेतेय!" त्याला वाटलं काहीतरी झालं. पाय मोकळे सोडून तो दोरावर बसला. मी अडकवण काढली आणि दोर सोडायला लागले. तो आठात घासत, बारीक आवाज करत सरकू लागला, आणि वरून तो माणूस यायला लागला. सावकाश, न हलता. फांद्यांतून, पानांतून, उन्हातून. संतोषचे बूट दिसले, मग गुडघे, मग त्याचा गोंधळलेला चेहरा. अलगद तो जमिनीवर टेकला आणि म्हणाला, "काय झालं, ताई?"

"काही नाही," मी म्हटलं.

बाबा आठाकडे बघत होते. मग माझ्या हातांकडे. मग वर, जिथून तो माणूस आला त्या बेचक्याकडे. जन्मभर दोर हाताळलेला माणूस, त्यांना समजावून सांगावं लागत नाही. त्यांचं तोंड थोडं उघडं राहिलं होतं. मला वाटलं आता ते खाली बसतील, ओरडतील, छाती पिटतील. त्यांनी फक्त विचारलं, अगदी हळू, "नंदू पन असा आला असता?"

याचं उत्तर मी कितीतरी वेळा पाठ केलं होतं. नाही बाबा, त्याला फार लागलं होतं. नाही बाबा, काहीच उपयोग झाला नसता. दर मे महिन्यात मी ते घोकून ठेवायची.

"हो," मी म्हटलं.

"आयला म्हाईत हाय?"

"हो."

संतोष आणि त्याचा जोडीदार आमच्याकडे बघत उभे होते. बाबांनी बाटलीला झाकण लावलं, नीट फिरवून. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आनि तरी तू मना रोज जेवाला वाढतंस?"

मी डबा उचलला. त्यांना घेऊन घरी आले. आयला काही सांगावं लागलं नाही, त्यांनी दारातच आमचे चेहरे वाचले आणि त्या चुलीकडे वळल्या.

त्या दिवसापासून बाबा गाठीबद्दल बोलत नाहीत. पाहुणा आला तरी गप्प असतात. शेजारची मुलं दोरी घेऊन येतात, ती तशीच परत जातात. आणि मला ते वाढू देत नाहीत. टोप स्वतःकडे ओढून घेतात, डाव स्वतः धरतात. त्यांच्या हातांना डावाची सवय नाही, कालवण ताटाबाहेर सांडतं, भात जमिनीवर पडतो. आय माझ्याकडे बघतात. मी समोर बसलेली असते आणि पुढे होत नाही.